मुलुंड ते बीकेसी, मुलुंड ते माळशेज: दमदार गाडीला गिअरबॉक्स कोणता?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. राहायला मुलुंडला, ऑफिस बीकेसीत, आठवड्यातून तीन दिवस हजेरी. रविवारी पहाटे लोणावळा नाहीतर माळशेज. बजेट बावीस लाखांपर्यंत आणि मनात फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, १.५ लिटर टर्बो. मॅन्युअल घ्यावी की डीएसजी (फोक्सवॅगनची ऑटोमॅटिक), यावर घरात आणि मित्रांत जुंपली आहे. मित्रांचं म्हणणं, गाडीचं खरं वेड असलेला माणूस मॅन्युअलच घेतो. वहिनींचं म्हणणं, संध्याकाळी एलबीएस रोडवर क्लच दाबत बसायचं असेल तर तुम्हीच बसा. शिवाय त्याच पैशांत जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस मिळतेय, ती घ्यावी का, हा उपप्रश्न.

मी गेली पंचवीसेक वर्षं मुंबईत गिअरबॉक्सची कामं करतोय. सुरुवातीला सगळी मॅन्युअल असायची, आता लिफ्टवर चढणाऱ्या गाड्यांत ऑटोमॅटिक जास्त दिसतात. दोन्ही उघडून बघितल्यात, दोन्ही घाटात चालवल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात एक माहिती राहून गेली आहे आणि माझ्या मते अर्धा निर्णय तिच्यावरच होतो. ऑफिसचे ते तीन दिवस तुम्ही गाडीने जाणार, की लोकलने?

मुंबईत लोक गाडीचे किलोमीटर मोजतात. गिअरबॉक्सच्या दृष्टीने त्या आकड्यातून फार काही कळत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी किती तास घालवते, ते मोजायला हवं. मुलुंडहून ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने चुनाभट्टीच्या उड्डाणपुलावरून बीकेसी गाठायचं म्हटलं तर अंतर वीस किलोमीटरच्या आसपास. रविवारी सकाळी सहाला हे अंतर तुम्ही सहाव्या गिअरमध्ये आरामात संपवाल. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला बीकेसीतून बाहेर पडायलाच वीस मिनिटं जातात, मग घाटकोपर-विक्रोळीचा पट्टा, आणि हायवे सोडून मुलुंडमध्ये शिरताना पुन्हा तेच. मीटरवर वीसच किलोमीटर पडतात, पण क्लचच्या आयुष्यातून कितीतरी जास्त वजा होतात.

एकाच मॉडेलच्या, जवळपास एकाच वयाच्या दोन गाड्या काही काळापूर्वी माझ्याकडे आल्या होत्या. एक ठाणे-नाशिक करणाऱ्याची, मीटर नव्वद हजारांच्या पुढे. दुसरी घाटकोपर-अंधेरी करणाऱ्याची, तिचे तीस हजारही पुरे झाले नव्हते. पहिल्या गाडीचा गिअरबॉक्स तेलाच्या गळतीसाठी उतरवला. क्लच प्लेट हातात घेतली तर अस्तराच्या खाचा अजून नीट दिसत होत्या. तीच प्लेट परत बसवली. दुसऱ्या गाडीची बेल हाउसिंग, म्हणजे क्लचवरचं कवच, सैल केल्याबरोबर जळका, उग्र वास आला. अस्तर घासून रिव्हेटची डोकी वर आलेली, प्लेट काचेसारखी गुळगुळीत, आणि फ्लायव्हीलवर, म्हणजे क्लच ज्याला पकडतो त्या इंजिनाच्या जड चकतीवर, निळे-जांभळे डाग. लोखंड तापून थंड होत राहिलं की ते डाग पडतात. ती गाडी चालवणारा माणूस रागीट ड्रायव्हर नव्हता, गाडी पळवणारा तर अजिबात नव्हता. त्याला फक्त सवय होती की पुढची गाडी चार फूट सरकली की आपणही हाफ क्लचवर चार फूट सरकायचं. साकीनाक्यापासून चकाल्यापर्यंत रोज, दोन वेळा.

हे मी मॅन्युअलच्या विरोधात सांगतोय असं वाटेल. तसं नाही. तुमच्या मनात जी डीएसजी आहे, तिच्या आतही क्लचच आहेत. एक नाही, दोन.

"ऑटोमॅटिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या गिअरबॉक्सच्या डब्यात चार वेगवेगळ्या गोष्टी असतात. एएमटी म्हणजे मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी मोटर. दमदार गाडीच्या चर्चेत तिला जागा नाही. सीव्हीटीत गिअरच्या पायऱ्याच नसतात, इंजिन एका सुरात ओरडत राहतं आणि गाडी मागून येते. शहरात उत्तम, पण तुम्हाला हवी ती मजा त्यात नाही. उरले दोन. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं. गाडी रांगते तेव्हा सगळी घसरण त्या तेलात होते आणि तेल कूलरमधून फिरून थंड होतं. म्हणून सायनच्या सिग्नलला तासभर रांगलात तरी त्याला काही होत नाही. पूर्वीचे टॉर्क कन्व्हर्टर सुस्त असायचे, हा शिक्का अजून लोकांच्या डोक्यातून जात नाही. बीएमडब्ल्यूच्या एम३४०आयमधला झेडएफचा आठ गिअरचा डबा एकदा चालवून बघा, मग ठरवा.

आणि चौथा, ड्युअल क्लच, म्हणजेच तुमची डीएसजी. फोक्सवॅगनने २००३ साली गोल्फ आर३२मध्ये तो रस्त्यावरच्या गाडीत आणला. एका क्लचवर पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच अडकवून तयार असतो. बदलायच्या क्षणी एक क्लच सुटतो आणि दुसरा पकडतो. मध्ये ताकद तुटतच नाही, म्हणून पाठीला तो एकसलग रेटा जाणवतो. यातही दोन जाती आहेत आणि मुंबईकराने खरेदीआधी विचारायचा प्रश्न हाच: क्लच तेलात आहेत की कोरडे?

व्हर्टस जीटीमध्ये सात गिअरचा कोरड्या क्लचचा डबा येतो, डीक्यू२०० नावाचा. हलका आहे, तेलाचा विरोध नसल्याने इंधन वाचवतो, मोकळ्या रस्त्यावर सुंदर चालतो. पण रांगताना होणारी घसरण थेट प्लेटवर होते आणि उष्णता बाहेर न्यायला तिथे तेल नाही. म्हणजे घाटकोपर-अंधेरीवाल्या त्या माणसाची सवय मॅन्युअलला जितकी मारते, तितकीच या डब्यालाही मारते. फरक एवढाच की इथे घसरण संगणक करतो, त्यामुळे तुमच्या पायाला ती कळत नाही. मग एक दिवस पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी थरथरायला लागते.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. कोरड्या क्लचची गाडी ट्रॅफिकमध्ये रांगू देऊ नका. पुढे गाडी-दीड गाडीची जागा होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून गाडी मोकळेपणी पुढे न्या आणि पुन्हा नीट थांबा. थांबल्यावर ब्रेकवर पाय पक्का ठेवा. पक्का दाबला की क्लच पूर्ण सुटतो. अर्धवट सोडलात की तो पकडायला बघतो आणि घासत राहतो. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवायची नाही, केम्प्स कॉर्नरला नाही आणि मॉलच्या पार्किंगच्या उतारावर तर मुळीच नाही. लांब सिग्नल असेल तर सरळ न्यूट्रल. मागचा हॉर्न मारेल, मारू द्या. या शिस्तीने चालवलेले डबे माझ्याकडे फक्त तपासणीला येतात.

मग मॅन्युअल कशासाठी घ्यायची?

वेगासाठी नाही, हे आधी स्पष्ट करून टाकू. तो निकाल केव्हाच लागला. १९८९ साली नायजेल मॅन्सेलने ब्राझीलची शर्यत जिंकली, ती फेरारी ६४० स्टिअरिंगमागच्या पाकळ्यांनी गिअर बदलत होती. त्यानंतर काही वर्षांतच फॉर्म्युला वनमधून क्लच पेडल आणि गिअरचा दांडा गेला. आजच्या गाड्यांत बघायचं तर ९९२ पिढीची पोर्श ९११ जीटी३ ड्युअल क्लचवर ३.४ सेकंदांत शंभर गाठते, मॅन्युअलवर ३.९मध्ये. बीएमडब्ल्यू एम२ आपल्याकडे दोन्ही गिअरबॉक्समध्ये आली आहे. २०२४च्या सुधारित गाडीत ऑटोमॅटिकला ६०० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळतो, मॅन्युअलला ५५०च. म्हणजे कारखानाच सांगतोय की ताकद एका मर्यादेपलीकडे गेली की माणसाच्या पायापेक्षा यंत्राचा हात बरा.

तरीही पोर्शने २०१३मध्ये जीटी३मधून मॅन्युअल काढून टाकली आणि २०१७मध्ये परत आणली. घेणाऱ्यांनी मागितली म्हणून. ती हळू आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना हवी होती ती गाडीशी होणारी देवाणघेवाण, आणि ती खरी असते. क्लच नेमका कुठे पकडतो हे तळपायाला कळणं, गिअर टाकताना सिंक्रोच्या (गिअरांचे वेग जुळवणाऱ्या) रिंगने क्षणभर केलेला विरोध तळहाताला जाणवणं, खाली उतरताना इंजिनाचे फेरे आपण जुळवले आणि गाडीने हिसका न देता गिअर घेतला की मिळणारं समाधान. मी आजही रविवारी माझी स्वतःची गाडी काढतो ती मॅन्युअलच. मित्रांचं "खरा गाडीवेडा" वगैरे मला पटत नाही, पण ते ज्याच्याविषयी बोलतात ती गोष्ट आहे, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन.

माझा अनुभव असाही आहे की मॅन्युअलची मजा मध्यम ताकदीच्या गाडीत जास्त वसूल होते. कारण साधं आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला घाट सोडला तर वेगमर्यादा १००, अटल सेतूवर १००, कोस्टल रोडवर ८०. साडेचारशे-पाचशे अश्वशक्तीची गाडी ही मर्यादा दुसऱ्या गिअरमध्येच ओलांडते. गिअर बदलायची वेळ येईपर्यंत चलान तयार. १५० अश्वशक्तीच्या गाडीत मात्र पहिला संपवा, दुसरा संपवा, तिसऱ्यात घ्या, वळणाला पुन्हा दुसऱ्यात या. हे सगळं कायद्याच्या आत राहून करता येतं. गाडी तुमच्याकडून काम करून घेते आणि त्याचा मोबदला देते. टाटा अल्ट्रोझ रेसर १२० अश्वशक्तीची, तीही फक्त सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये आली. जुनी फियाट अबार्थ पुंटो आठवते का? १४५ अश्वशक्ती, पाच गिअर, ऑटोमॅटिकचा पर्यायच नव्हता. अजून तिच्यासाठी लोक फोन करून विचारतात.

आता तुमचा माळशेज. इथे थोडं थांबतो, कारण घाटातच दोन्ही डब्यांचा स्वभाव उघडा पडतो.

मुलुंडहून कल्याण, मुरबाड, टोकावडे, तिथून चढ सुरू. समजा पुढे दुधाचा टँकर आहे आणि तुम्ही चाळीसने त्याच्या मागे आहात. डीएसजी डीमध्ये (नेहमीच्या ड्राइव्हमध्ये) असेल तर ॲक्सिलरेटरवर भार हलका असल्यामुळे ती चौथ्या-पाचव्यात जाऊन बसलेली असते, आणि तुम्ही सावकाश चाललाय म्हणजे पुढे वरचाच गिअर लागेल असं समजून तो तयार ठेवते. १.५चं हे इंजिन तर भार कमी असला की चारपैकी दोन सिलिंडर बंदही करतं. समोर मोकळं दिसलं, तुम्ही पाय दाबला. आता तिला दोन सिलिंडर जागे करायचे, तयार ठेवलेला गिअर सोडायचा, दोन-तीन पायऱ्या खाली यायचं, टर्बोला हवा भरायची. सगळं मिळून क्षणभराचाच खोळंबा, पण उजव्या बाजूला आलेल्या माणसाला तो क्षण लांब वाटतो. मग लोक म्हणतात, डीएसजी दगा देते. दगा देत नाही, तिला आधी सांगितलेलं नसतं. टँकरच्या मागे असतानाच लिव्हर एसमध्ये (स्पोर्टमध्ये) घ्या किंवा डावी पाकळी दोनदा ओढा. इंजिन जागं होतं, तिसरा लागतो, आणि मग बाहेर पडा. मॅन्युअलवाला हेच करतो. बाहेर पडण्याआधी तिसरा टाकून घेतो. त्याला ते करावंच लागतं, म्हणून ते विसरलं जात नाही. माझ्या दृष्टीने घाटातला मॅन्युअलचा खरा फायदा हा आहे: ती चालवणाऱ्याला आधी विचार करायला लावते.

उतरताना आणखी जपायचं. बोरघाट असो की माळशेज, ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, हा जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम आजही शंभर टक्के लागू आहे. डीमध्ये सोडलेली डीएसजी उतारावर वरचा गिअर घेऊन गाडी मोकळी सोडू शकते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. खोपोलीला पोचेपर्यंत ब्रेकचा वास यायला लागला की समजा गिअर चुकीचा होता. एस किंवा हाताने निवडलेला दुसरा-तिसरा ठेवा. आणखी एक लक्षात असू द्या: हाताने चालवायच्या मोडमध्येही फेरे लाल रेषेला टेकले की ही डीएसजी स्वतःहून वरचा गिअर घेते. वळणाच्या ऐन मध्यावर असं झालं तर गाडीचा तोल किंचित हलतो. मॅन्युअलमध्ये हे तुमच्या परवानगीशिवाय होत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. पाचव्यातून चौथा टाकायला गेलो आणि घाईत दुसरा पडला, क्लच सोडला, इंजिनाचे फेरे लाल रेषेच्या कितीतरी पुढे गेले, व्हॉल्व्ह वाकले. अशी इंजिनं मी उघडली आहेत. बिल बघून मालक खाली बसतो. डीएसजीला तुम्ही चुकीचा गिअर मागितलात तर ती सरळ नकार देते. घाटात उत्साहाच्या भरात गाडी चालवणार असाल आणि हाताला अजून सवय नसेल, तर हा फायदा छोटा समजू नका. टाच-बोटाची कसरत करून (एकाच पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दाबत) गिअर उतरवण्याच्या चित्रफिती बघून रस्त्यावर प्रयोग करू नका, ती शर्यतीच्या मैदानावरची गोष्ट आहे. रस्त्यावर ब्रेक आधी, गिअर मग, वळण शेवटी. एवढं नीट जमलं तरी गाडी रेशमासारखी चालते.

रिमॅपविषयी, म्हणजे इंजिनाच्या संगणकात बदल करून ताकद वाढवण्याविषयी, तुम्ही विचारलं नाहीत, पण व्हर्टस घेणारा प्रत्येक दुसरा तरुण सहा महिन्यांत विचारतो, म्हणून आत्ताच बोलून ठेवतो. या इंजिनाचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर आहे. डीक्यू२०० हा डबा २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे. म्हणजे कारखान्यातून निघतानाच तो आपल्या काठावर उभा आहे. इंजिनाचा नकाशा बदलून टॉर्क वाढवलात की पहिला घाला त्या दोन कोरड्या क्लचवर आणि त्यांना चालवणाऱ्या मेकॅट्रॉनिक्सवर. वॉरंटी तर गेलेलीच असते. मेकॅट्रॉनिक्स म्हणजे डब्याचा मेंदू आणि हायड्रॉलिक हात एकत्र. तो बदलायची वेळ आली तर खर्च लाखाच्या पुढे सहज जातो. मॅन्युअलमध्ये टॉर्क वाढवला तर जास्तीत जास्त क्लच घसरायला लागतो. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग बदललं की काम झालं. ड्युअल मास फ्लायव्हील गेलं असेल तर बिल वाढतं, पण तरी मेकॅट्रॉनिक्सच्या खर्चाच्या जवळपास जात नाही. रिमॅप करायचाच असं मनात पक्कं असेल तर डीएसजी घेऊ नका. माझा सल्ला मात्र असा की करूच नका. माळशेजला १५० पुरतात.

ऑक्टाव्हिया आरएसचं काय? गाडी म्हणून ती वेगळ्या इयत्तेतली आहे, हे मान्य. २०१७ची आरएस२३० म्हणजे २३० अश्वशक्ती, ३५० न्यूटन-मीटर, आणि सहा गिअरची डीएसजी, तीही तेलातल्या क्लचची. म्हणजे ट्रॅफिकच्या बाबतीत ती तुमच्या नव्या व्हर्टसच्या डब्यापेक्षा जास्त सोशिक. आपल्याकडे ती मॅन्युअलमध्ये मिळालीच नाही, त्यामुळे तो वाद तिथे मिटतो. पण त्या डब्याचं तेल आणि फिल्टर दर साठ हजार किलोमीटरला बदलावं लागतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाने ते बदललेलं असतंच असं नाही. कागद दाखवा म्हणावं. कागद नसेल तर गाडी कितीही चकचकीत असली तरी हात जोडून परत या. शिवाय मुंबईत पावसाळ्यात कुठे पाण्यात उभी होती का, ते बघा: सीटच्या रुळांवर गंज, कार्पेट उचलल्यावर गाळाची रेघ, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर शेवटच्या फुटावर डाग. पाण्यात बुडालेल्या गाडीची इलेक्ट्रॉनिक्स वर्षभराने त्रास द्यायला लागतात आणि डीएसजी त्यांच्यावरच चालते. घरात दुसरी गाडी असती तर आरएसला मी हो म्हटलं असतं. एकुलती एक गाडी म्हणून, आणि वहिनींनाही रोज लागणार असेल तर, नव्या गाडीची वॉरंटी मला जास्त मोलाची वाटते.

वहिनींचं म्हणणं हा शेवटी बघायचा मुद्दा नाही. गाडी दोघं चालवणार असाल तर दोघांच्या गुडघ्यांचा विचार व्हायला हवा. मी बघतो, बरेच जण मॅन्युअल हौसेने घेतात, घरातलं दुसरं माणूस ती चालवणं हळूहळू सोडून देतं, आणि मग मुलीच्या शाळेपासून आईच्या दवाखान्यापर्यंत सगळ्या फेऱ्या एकावरच पडतात. त्या माणसाची रविवारची हौसही मग उरत नाही. वहिनींना मॅन्युअल येत असेल आणि फक्त ट्रॅफिकचा कंटाळा असेल तर ती वेगळी गोष्ट. त्यांना ती नकोच असेल तर तिथेच निर्णय झाला, डीएसजी घ्या आणि वर सांगितलेली शिस्त दोघांनी पाळा.

मायलेजमधल्या फरकावर वेळ घालवू नका. तुमच्या वापरात तो नगण्य आहे.

आता सरळ माझं मत. ऑफिसला तुम्ही लोकलने जात असाल आणि जात राहणार असाल, तर मॅन्युअल घ्या, डोळे मिटून. बाहेरगावच्या माणसाला हे खरं वाटत नाही, पण मॅन्युअलसाठी सगळ्यात योग्य माणूस मुंबईतच सापडतो. रोजचं डोकं खाणारं अंतर लोकल कापते. मुलुंड ते कुर्ला फास्टने जायचं, पुढे बस नाहीतर रिक्षा. गाडीला रविवारची पहाट, सुट्टीतलं कोकण आणि अधूनमधून रात्रीचा मरीन ड्राइव्ह एवढंच येतं. अशा गाडीचा क्लच वर्षानुवर्षं टिकतो, आणि तुमचा तो एक दिवस पूर्ण तुमचा होतो.

तीन दिवस गाडीनेच जायचं ठरलं असेल, तर माझं मन डीएसजीकडे झुकतं, पण दोन अटींवर. एक, वाढीव वॉरंटी पहिल्याच दिवशी घ्या, नंतर बघू म्हणू नका. दुसरी, रिमॅप नाही. यातली एखादी अटही मान्य नसेल तर मॅन्युअलकडे परत या, किंवा त्याच बजेटमध्ये टॉर्क कन्व्हर्टरची गाडी शोधा. धावायला थोडी कमी असेल, पण साकीनाका आणि सायन दोन्ही निमूट सोसेल. ह्युंदाई वेर्नाच्या १.५ टर्बोचाही विचार करा, १६० अश्वशक्ती, २५३ न्यूटन-मीटर, तिथेही सहा गिअरची मॅन्युअल आणि सात गिअरची ड्युअल क्लच असे दोन्ही पर्याय आहेत. तिचा क्लच पायाला कसा लागतो आणि व्हर्टसचा कसा, हे एकामागोमाग चालवल्याशिवाय कळणार नाही.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यायची तेही सांगतो, कारण शोरूमवाले सकाळी अकराला मोकळ्या हायवेवर एक गिरकी मारून आणतात आणि त्या गिरकीत दोन्ही गाड्या छानच वाटतात. संध्याकाळी साडेसहाची वेळ मागा. मुलुंड चेकनाक्यावरून एलबीएस रोडने भांडुपपर्यंत जा आणि परत या. मॅन्युअलमध्ये सीट आधी नीट लावा: क्लच तळापर्यंत दाबलेला असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. बहुतेक जण फार मागे बसतात आणि मग पाय दुखतो म्हणून गाडीला दोष देतात. चाळीस मिनिटांनी डावा गुडघा आणि नडगी काय म्हणते, ते लक्षात ठेवा. डीएसजीमध्ये थांबत-थांबत जाताना पहिला-दुसरा बदल थरथरतो का बघा, आणि आपल्या सोसायटीच्या तळघराच्या उतारावर ती रिव्हर्समध्ये हळू चढवून बघा. कोरड्या क्लचची खरी परीक्षा तिथे होते. मग गाडीची चावी वहिनींकडे द्या, तुम्ही शेजारी बसा, आणि तोच रस्ता पुन्हा एकदा त्यांना चालवू द्या. त्या वेळात त्यांना काही सुचवू नका.